शेवटच्या गाडीपर्यंत

"रडू नको मालन," आई म्हणाली. "बोळात ऐकू जातंय."

आबांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडत चालला होता. पुरतं उजाडलं नव्हतं. आईने त्यांच्या तोंडात घातलेलं पाणी ओठांच्या कडेने उशीवर उतरलं होतं. तिने ते पदराने टिपलं, त्यांचे डोळे मिटले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "बटाटं राती उकडलंतीस न्हवं?"

"आई!"

"इचारलं ते सांग."

"उकडल्यात."

"मग ऊठ. पीठ भिजव. गाडी लावायची हाय."

मला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलंय. पण आईचं डोकं फिरणाऱ्यांतलं नव्हतं. तिने आबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, माझ्या दंडाला धरून मला मोरीपाशी नेलं आणि तोंडावर पाणी मारलं. "आज मोजणी हाय," ती म्हणाली. "इसरलीस?"

विसरले नव्हते. महिनाभर आमच्या ओळीत दुसरा विषयच नव्हता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ मशिनं, फौंड्र्या आणि वेल्डिंगची दुकानं यांच्या मधोमध आमची वड्याच्या गाड्यांची ओळ होती. तिथे पहिली गाडी आबांनी लावली. घरून नुसत्या चहावर निघालेला कामगार पहिल्या पाळीला यायचा, त्याच्या पोटाला काहीतरी आधार हवा, एवढाच हिशेब. आबांचा वडा मुठीत मावत नसे. मुठीत मावतो तो पेढा, असं ते म्हणायचे. कागदाच्या तुकड्यावर वडा, शेजारी ब्रेडच्या दोन स्लाइस, लसणाची कोरडी चटणी आणि मीठ लावून तळलेली मिरची. आबांचं बघून बाकीच्या गाड्या आल्या आणि बघता बघता ओळ झाली. प्रत्येक गाडीची माणसं ठरलेली असायची. मोल्डिंगवाले आमच्याकडे, लेथवाले ईश्वरअण्णांकडे, रंगकाम करणारे शेवटच्या टोकाला हौसाक्काकडे, कारण तिच्याकडे भज्यांबरोबर चहाही मिळे. माणूस कारखाना बदलायचा, पण गाडी बदलायचा नाही. बदललीच तर जुन्या गाडीसमोरून जाताना मान खाली घालून जायचा.

गाड्यांवर पितळी पंप स्टोव्ह असत. सगळे पेटले की ओळीत असा भर्र आवाज भरून राही की गिऱ्हाइकाला "एक वडा" हेसुद्धा ओरडून सांगावं लागे.

ईश्वरअण्णा चौगुले आमचे शेजारी. त्यांचं आणि आबांचं बोलणं कितीतरी वर्षं बंद होतं. कारण सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. अण्णांनी मुंबईच्या माणसांसारखा पाव ठेवायला सुरुवात केली. आबा म्हणाले, कोल्हापुरात वडा ब्रेडबरोबरच खातात, पाव खायचा तर मुंबईला जावा. अण्णा म्हणाले, गिऱ्हाइकाच्या तोंडात काय घालायचं ते तुम्ही कोण ठरवणार? झालं. तेव्हापासून अण्णांना आमच्याशी काही बोलायचं असलं की ते आपल्या कढईशी बोलायचे. "कढई, इचार बरं शेजारी, हरभऱ्याचं पीठ हाय का उसनं?" आबा आपल्या झाऱ्याला सांगायचे, "दे म्हणावं वाटीभर." बघणाऱ्यांची करमणूक व्हायची. दोघांना मात्र त्यात काही गंमत वाटत नसे.

पण एका बाबतीत दोघांचं एकमत होतं. ओळीतल्या कुणाच्या घरी माणूस गेलं, की त्या दिवशी अख्खी ओळ बंद. हा रिवाज आबांनीच पाडला होता. हौसाक्काचा नवरा गेला तेव्हा त्याची तिरडी ओळीसमोरून चालली होती, आणि हे सगळे हातात झारा घेऊन उभे. तेवढ्यात कुणीतरी गिऱ्हाईक ओरडलं, "दोन पार्सल!" आबांनी तिथल्या तिथे स्टोव्हची हवा सोडली. म्हणाले, आपला माणूस जातोय आणि आपलं तेल तापतंय, हे पुन्हा व्हायचं नाही. तेव्हापासून बातमी कानावर पडली की स्टोव्ह बंद. मग सण असो, नाहीतर पगाराचा दिवस असो. ईश्वरअण्णांनी तर एकदा मळलेलं सारण तसंच्या तसं गाईंपुढे घातलं होतं. या रिवाजाच्या बाबतीत आबांपेक्षा तेच कडक होते.

आणि आता महापालिका रस्ता रुंद करणार होती. मोजणीच्या दिवशी जी गाडी जाग्यावर, स्टोव्ह पेटलेला आणि मालक उभा अशी सापडेल तिलाच नंबर मिळणार, तिचीच जागा राहणार. बाकीच्या उचलून नेणार. पलीकडच्या रस्त्यावरची मंडळी मोजणीच्या दिवशी एकाच्या पोरीच्या लग्नाला गेली होती. परत आली तेव्हा त्यांच्या गाड्या ट्रकात चढत होत्या. पुन्हा मोजणी नाही म्हणजे नाही, असं त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

"आज आपन तोंड उघडलं," आई पीठ चाळत म्हणाली, "तर समदे स्टोव्ह बंद करतील. ईश्वरा पैला. मग कुनाचीच जागा ऱ्हायची न्हाई."

"आपण नुसती गाडी लावली नाही तर?"

"न्हाई लावली तर का न्हाई लावली म्हनून इचारायला येतील. दार उघडावं लागंल." तिचा हात थांबला. "आनि मागनं लोक काय म्हनतील? बळवंत नलवड्याच्या मरनानं ओळ बुडाली. मालन, त्या मानसानं उभी केलेली ओळ हाय ती. त्येचं नाव असं निघायचं का?"

मी पिठाची परात पुढे ओढली.

"आणि तू?"

"मी बसतीया ह्यांच्यापाशी. शेवटची गाडी मोजून मानसं जाईस्तवर मी रडत न्हाई. जा तू."

तिने आबांच्या उशाशी दिवा लावला, मला बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. आमची खोली ओळीच्या मागच्याच बोळात होती. तिथून मोठ्याने हाक मारली तर गाडीवर ऐकू येई.

गाडी ढकलत मी जागेवर आणली तेव्हा बाकीचे तयारीत होते. सगळ्यांनी गाड्या धुतल्या होत्या. कुणी पाटीला हार घातला होता. नवरदेवाची वाट बघत वऱ्हाड थांबावं तशी सगळी ओळ नटूनथटून उभी होती. मी स्टोव्हला पंप मारला, कढई चढवली. हात आपोआप काम करत होते. मिरची-लसणाचा वास नाकात गेला आणि हा वास आबांच्या सदऱ्याला येतो हे आठवलं.

"कढई," शेजारून आवाज आला, "आबा दिसत न्हाईत. मालकानं उभं ऱ्हायला पायजे म्हनून सांगितलंय, ठावं हाय न्हवं?"

आबा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेत हे ओळीला माहीत होतं. पण मोजणीच्या दिवशी कसाही येईन, असा निरोप त्यांनी स्वतःच दिला होता.

"येणार न्हाईत," मी म्हणाले. "बरं न्हाई."

"त्येला काय हुतंय? आमी चौघं जातो, बाजेसकट उचलून आनतो. साहेब बघून गेला की परत पोचिवतो." अण्णांनी झारा खाली ठेवलासुद्धा आणि पलीकडच्या गाडीवरच्या सदाला हाक मारली. "ए सदा, चल रं. आनि दोघांना घे."

चौघांनी उचलायचं. अण्णा गाडीच्या मागून निघाले होते. मी आडवी झाले, दोन्ही हात पसरून.

"नको अण्णा! पाया पडते तुमच्या. आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा."

"डोळा लागलाय?"

"रात्रभर झोप न्हवती. आत्ताच... आत्ताच लागलाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही, कांदे नसलेल्या फळीवर उगीच सुरी फिरवत राहिले. ते आपल्या गाडीमागे गेले आणि सदाला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. झोपलाय मानूस."

पहिला घाणा निघाला. ओळीच्या तोंडाला पिंपळाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा आहे. प्रत्येक गाडीचा पहिला वडा त्याच्यापुढे ठेवायचा, मग गिऱ्हाइकाला द्यायचा, अशी पद्धत. मी सवयीने कागदावर वडा घेतला आणि पिंपळापर्यंत गेले. वाकले. आणि हात पुढे होईना. घरात आबा तसेच पडलेले, मी सुतकात. माणसांशी खोटं बोलायची मी तयारी केली होती. म्हसोबापुढे सुतकाचा हात करायचं माझ्याने झालं नाही. मी तशीच वळले. समोर हौसाक्का तांब्या घेऊन उभी होती.

"का गं, परत का घिऊन चाललीस?"

"करपलाय."

तिने माझ्या हातातल्या वड्याकडे पाहिलं. पिवळाधमक होता तो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हसोबावर पाणी घातलं आणि आपल्या गाडीकडे जाताना अण्णांपाशी थांबली. त्यांच्यात काय बोलणं झालं ते स्टोव्हच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. ऐकायला मी भानावरही नव्हते. दोघांचं बोलणं झालं आणि अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली, एवढं दिसलं.

पाळीची माणसं यायला लागली. मी त्यांना वडे देत होते आणि आतून मरत होते. बिचाऱ्यांना काय माहीत आपण कुठल्या घरचं खातोय? मोल्डिंगचा विठ्ठल मेस्त्री दुसरी स्लाइस चटणीत बुडवत म्हणाला, "आबांना सांग, पाळी सुटली की येतो बघायला. डाळिंबं आनतो."

"सांगते," मी म्हणाले.

मोजणीची माणसं आली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. एक कारकून, एक फोटो काढणारा, टेप धरणारे दोघे आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेतलेला पेंटर. त्यांनी आमच्या बाजूने सुरुवात केली. पहिली गाडी आमचीच. ईश्वरअण्णा दुसरे. हौसाक्का पार शेवटी.

कारकून तसा भला माणूस होता. कपाळावरचा घाम पुसत त्याने विचारलं, "बळवंत नलवडे कोण?"

"वडील माझे. आजारी आहेत."

"मग कसं करायचं? मालक स्वतः उभा पाहिजे, त्याचा फोटो पाहिजे. घर लांब आहे का?"

खोटं बोलायला हवं होतं. पण सकाळपासून इतकं खोटं बोलले होते की माझ्याकडे शिल्लकच उरलं नव्हतं. "मागच्या बोळात," मी म्हणाले.

"अहो मग काय, सोपं आहे. आजारी माणसाला कशाला ओढत आणायचं? आम्हीच जातो. दोन मिनिटांत फोटो काढून येतो." त्याने फोटोवाल्याला खूण केली. "दाखवा घर, ताई."

तो मायेने बोलत होता. फोटोवाल्याने कॅमेरा गळ्यात अडकवून बोळाकडे तोंडसुद्धा केलं. मी तोंड उघडलं. तोंडातून खरं तेच बाहेर पडणार होतं. आबा गेले, असं मी म्हणणार होते आणि सगळी ओळ माझ्या एका वाक्यानं बुडणार होती.

"कोन बळवंता?" ईश्वरअण्णांचा आवाज आला. ते हात पुसत गाडीच्या पुढे आले होते. "त्येचा काय संबंध साहेब? त्यो कुठं असतोय गाडीवर!"

कारकून गोंधळला. "यादीत तर त्यांचंच नाव आहे."

"जुनी असंल यादी. ही पोरगी चालवती गाडी. पीठ ही भिजवती, वडं ही तळती. त्यो नुसता घरात पडून खातोय. इचारा कुनालाबी."

मी अण्णांकडे बघतच राहिले. आबांबद्दल असं बोलताना त्यांचा चेहरा दगडासारखा होता.

"मी तर बघितलाच न्हाई त्येला कवा हितं," टोकाकडून हौसाक्का येऊन म्हणाली. ज्या बाईच्या नवऱ्यासाठी आबांनी पहिल्यांदा स्टोव्ह बंद केला होता ती बाई.

"न्हाईच येत," सदा म्हणाला.

"पैल्यापास्नं पोरगीच हाय," आणखी कुणीतरी म्हणालं.

एकेक जण बोलत गेला. मधल्या सुट्टीत पुन्हा खायला आलेला विठ्ठल मेस्त्री तेवढा गप्प होता. तो हातातली स्लाइस तशीच धरून सगळ्यांकडे वेड्यासारखा बघत होता. ज्या माणसाने ही ओळ उभी केली तो इथे कधी नव्हताच, असं सगळी ओळ शपथेवर सांगत होती, आणि तो माणूस मागच्या बोळात अजून अंथरुणावर होता. मला ओरडावंसं वाटलं, की खोटं आहे, माझे आबा होते, ही ओळ, ही पहिली गाडी त्यांची होती. मी कढईची कड घट्ट धरून उभी राहिले. बोटं भाजली तेसुद्धा मला नंतर समजलं.

"मग तुमचं नाव लिहू?" कारकुनाने विचारलं. "गाडी तुमची, असं तुम्हाला सांगावं लागेल."

अण्णा माझ्याकडे बघत होते.

"मालन बळवंत नलवडे," मी म्हणाले. "गाडी माझी आहे."

फोटोवाल्याने मला झारा हातात धरायला लावला. पेंटरने चाकाजवळ पांढरा चौकोन काढून आत नंबर घातला. झालं. मंडळी अण्णांच्या गाडीकडे सरकली. त्यांचंही पटकन झालं आणि ती पुढे गेली.

आता मला धरवेना. गाडीचा दांडा धरून मी खाली बसले, तोंडावर पदर घेतला. "अण्णा," मी म्हणाले, "अण्णा, आबा..."

"गप!" ते एवढ्या जोरात ओरडले की गिऱ्हाईक दचकलं. मग ते गाडीला वळसा घालून माझ्याजवळ आले, खाली वाकले. त्या सगळ्या वर्षांत त्या दिवशीच ते पहिल्यांदा कढईला मध्ये न घालता माझ्याशी बोलत होते. सकाळीही, सुरुवात कढईने केली तरी, पुढे ते थेट माझ्याशीच बोलले होते, ते माझ्या आत्ता ध्यानात आलं.

"बोलू नगंस, पोरी. तू अजून मला काय सांगितल्यालं न्हाईस. मी काय ऐकल्यालं न्हाई."

"तुम्हाला कळलंय?"

"मला काय कळल्यालं न्हाई!" त्यांनी पुढच्या गाड्यांकडे पाहिलं. "तुझ्या तोंडनं ऐकलं तर मला स्टोव्ह बंद करावा लागंल. मी बंद केला की समदे करतील. बळवंताचाच रिवाज हाय त्यो, मोडता यायचा न्हाई. तवा ऐकवू नगंस. हौसाक्काची गाडी पार टोकाला हाय. तिला पोरंबाळं न्हाईत, गाडीबिगर काय न्हाई. तिचा नंबर पडू दे. तवर ऊठ. वडं तळ."

मी उठले. डोळे पुसले आणि कढईत वडे सोडले.

मोजणी पुढे पुढे चालली होती, पण काय सांगावं! कुठे टेप अडके, कुठे दोन गाड्यांच्या हद्दीवरून वाद निघे. एका ठिकाणी फोटोवाल्याचा रोल संपला आणि एक माणूस रोल आणायला चौकात गेला. कारकून पिंपळाखाली सावलीत टेकला आणि म्हणाला, "चहा मिळेल का कुठे?" पिंपळाला लागूनच बोळाचं तोंड. तिथून काही आलं असतं तर पहिल्यांदा त्याच्याच कानावर पडलं असतं.

माझा सगळा जीव त्या बोळात होता. आई एकटी होती. त्या अंधाऱ्या खोलीत, दार लावून, सकाळपासून. तिचा बांध केव्हाही फुटला असता, आणि फुटला असता तर तिला कोण नावं ठेवणार होतं?

अण्णांनी एकदा कारकुनाकडे पाहिलं, एकदा बोळाकडे. मग ते स्टोव्हला पंप मारू लागले. गरज नव्हती, जाळ चांगला होता. तरी ते मारत राहिले. त्यांचा स्टोव्ह गरजायला लागला. पलीकडच्या गाडीवर सदानं पंप मारला. त्याच्या पलीकडच्याने मारला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ओळभर एकामागून एक स्टोव्ह असे गरजले की शेजारच्याचं बोलणं कानाला लागेना. तेल जळायला लागलं, वडे काळे पडायला लागले. कुणी जाळ कमी केला नाही.

"काय आवाज आहे हो तुमच्या ओळीला!" कारकून कानावर हात ठेवून ओरडला.

"रोजचाच हाय साहेब!" अण्णांनीही ओरडूनच सांगितलं.

तेव्हा मला समजलं की सगळ्या ओळीला ठाऊक होतं. प्रत्येक जण आपापल्या कढईत मान घालून उभा होता आणि कुणी माझ्याकडे बघत नव्हता.

शेवटी रोल आला. मंडळी उठली. हौसाक्काचा फोटो निघाला. तिने डोक्यावरून पदर घेतला होता आणि गालावरून पाणी वाहत होतं. "धुराचं हाय," ती फोटोवाल्याला सांगत होती. पेंटरने तिच्या चाकापाशी चौकोन काढला, नंबर घातला, डब्याचं झाकण लावलं. कारकुनाने सगळ्यांना नमस्कार केला आणि जीप वळून गेली.

अण्णा माझ्या गाडीसमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात घेतली.

"आता सांग," ते म्हणाले.

"आबा गेले, अण्णा. पहाटे गेले."

ते आपल्या गाडीकडे गेले आणि स्टोव्हची चावी सोडली. हवा सूं करत बाहेर पडली, जाळ बसला. मग सदाचा. मग त्याच्या पुढचा. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विझत गेला आणि शेवटी हौसाक्काचा स्टोव्ह बंद झाला. कामाच्या दिवशी त्या ओळीत मी तेवढी शांतता कधी ऐकली नव्हती. कामावर परत न गेलेला विठ्ठल मेस्त्री रस्त्यातच मटकन खाली बसला.

माझा स्टोव्ह मी बंद केला आणि बोळात शिरले. मागे सगळी ओळ होती. मी दार वाजवलं. "आई, मी हाय. उघड."

कडी निघाली. आत दिवा जळत होता. आबांच्या उशाशी चटई होती, तिथेच ती सकाळपासून बसून होती. पदराचा बोळा तिच्या हातात होता आणि तो दातांनी चावून चावून ओला झालेला, फाटलेला होता. तिने दारातल्या गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हौसाक्काची झाली?" तिने विचारलं.

"झाली. सगळ्यांची झाली, आई. गेली माणसं." मी तिच्यापुढे बसले, तिचे दोन्ही हात धरले. "आता रड."

बायका आत आल्या, तिच्या भोवती बसल्या. हौसाक्काने तिला पोटाशी धरलं आणि स्वतःच हंबरडा फोडला. दाराबाहेर ईश्वरअण्णा भिंतीला डोकं लावून लहान पोरासारखे रडत होते. "बळवंता, तू हितं न्हाईसच म्हनलो रं मी, समद्यांच्या म्होरं न्हाईस म्हनलो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आईने तोंड उघडलं. तिची छाती वर आली, खाली गेली. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. आवाज आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून मी तिला घाबरलेली पाहिली नव्हती.

"मालन," ती म्हणाली, "येत न्हाई गं आता."

मी तिला हलवलं. आबांच्या तोंडावरचं पांघरूण काढून त्यांचं तोंड दाखवलं. म्हाताऱ्या बायकांनी तिला आबांच्या आठवणी सांगितल्या, पाठीत बुक्क्या मारल्या. तिने सगळं ऐकून घेतलं. उचलायची वेळ झाली तेव्हा तिने सगळं रीतसर केलं, बांगड्या फोडून घेतल्या, आणि तिरडी बोळातून बाहेर पडेपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली. माझं लग्न झालं, जाग्यावर पक्की टपरी झाली, ईश्वरअण्णाही गेले. त्या दिवशी रडली नाही ती पुढे कशालाच रडली नाही.